नववीतल्या पोरासाठी बेसबॉलची बॅट: इतके पैसे घालायचे का?

कोथरूडचा_बाबा

नमस्कार मंडळी. मुक्काम न्यू जर्सी. आमचे चिरंजीव यंदा नववीत गेले आणि मार्चमध्ये शाळेच्या बेसबॉल टीमच्या ट्रायआउट, म्हणजे निवड चाचण्या, आहेत. आजवर तो शाळेबाहेरच्या ट्रॅव्हल टीमकडून खेळायचा. ३१ इंची, २६ औंसांची बॅट, तिच्यावर यू-ट्रिपल-एस-ए या स्पर्धा भरवणाऱ्या संघटनेचा शिक्का. आता कोचची ईमेल आली आहे की हायस्कूलला फक्त बीबीकोर, म्हणजे उसळीवर मर्यादा असलेली प्रमाणित बॅट, चालेल. चिरंजीवांनी तातडीने दोन लिंका पाठवल्या. एक साडेचारशे डॉलरची, दुसरी पाचशेला जराशी कमी. दोन्ही ३३ इंची. व्हर्सिटीतला, म्हणजे शाळेच्या मुख्य टीममधला, कुणी दादा तीच वापरतो म्हणे.

उंची ५ फूट ७ इंच, वजन १३० पौंड. सेकंड बेसला खेळतो. फटके जमिनीलगत आणि सरळ, होमरनवाला गडी नाही. मी कॉलेज संपेपर्यंत क्रिकेट खेळलो, विलोची बॅट उचलली की बरी-वाईट कळते. ही गोल नळी हातात घेतली की मात्र काही म्हणजे काही कळत नाही. दुकानातला मुलगा म्हणाला, जितकी महाग तितका 'पॉप' जास्त. खरं आहे का हे?

चहाबिस्किट

दुकानातला मुलगा दुसरं काय म्हणणार हो? ह. घ्या.

अंपायर_काका

मी ओहायोत शाळांच्या सामन्यांना अंपायर म्हणून उभा राहतो, म्हणून आधी नियमांचं सांगतो. ते पक्कं झालं की अर्धी दुकानं आपोआप गळतात.

देशभरातल्या हायस्कूलचे नियम एनएफएचएस ठरवते. त्यांच्याकडे २०१२च्या १ जानेवारीपासून बीबीकोर सक्तीचं आहे. कॉलेजवाल्यांनी, म्हणजे एनसीएएने, ते वर्षभर आधी, २०११ला आणलं. बॅटवर 'बीबीकोर सर्टिफाइड .५०' असा छाप हवा, तो वाचता यायला हवा. लांबी जास्तीत जास्त ३६ इंच. बॅरलचा, म्हणजे चेंडू लागतो त्या जाड भागाचा, व्यास जास्तीत जास्त २ ५/८ इंच. आणि ड्रॉप ३च्या पुढे नाही. ड्रॉप म्हणजे लांबीच्या इंचातून वजनाचे औंस वजा करायचे: ३३ इंच असेल तर किमान ३० औंस, ३२ असेल तर २९. तुमच्या मुलाची आत्ताची ३१/२६ म्हणजे ड्रॉप ५. ती कितीही आवडती असली तरी शाळेच्या मॅचमध्ये चालणार नाही. लहान मुलांच्या लिटल लीगवाल्यांचा 'यूएसए' शिक्का असलेल्या बॅटचंही तेच.

अशी बॅट घेऊन पोरगं बॅटरच्या बॉक्समध्ये आलं आणि आमच्या लक्षात आलं, तर पोरगं आउट. वर हेड कोचलाही भोगावं लागतं, कारण सामन्याआधी प्लेटपाशी आम्ही दोन्ही कोचना विचारतो की तुमच्या पोरांचं सगळं सामान नियमात बसतं ना, आणि ते हो म्हणालेले असतात. बॅटला तडा गेला असेल किंवा पोचा पडला असेल तर मात्र शिक्षा नाही, ती बॅट नुसती बाजूला काढतो.

एकसंध लाकडाच्या बॅटला बीबीकोरचा छाप लागत नाही. बांबूचे किंवा जोडलाकडाचे प्रकार मिळतात, त्यांना लागतो. इथे बरेच पालक फसतात.

शेवटचं. मंजूर बॅटींची यादी पुलमनच्या वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीची स्पोर्ट्स सायन्स लॅब ठेवते. एखादं मॉडेल नंतर यादीतून काढलंही जातं. जुनी बॅट कुणाकडून घेणार असाल तर यादी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

पिचरची_आई

अंपायर काकांना अनुमोदन. नियम नुसता त्रास द्यायला आलेला नाही, एवढंच मला घालायचं आहे. माझा मुलगा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, आहे. ते मैदान तुम्ही पाहिलंच असेल: पिचर पाय ठेवतो ती रबरी पट्टी बॅटरसमोरच्या होम प्लेटपासून ६० फूट ६ इंचांवर, आणि चेंडू टाकून तो पुढे पडतो तेव्हा त्याहूनही जवळ असतो. तिथून सरळ तोंडावर आलेला चेंडू बघून हात वर करायला वेळच नसतो. जुन्या ॲल्युमिनियम बॅटींच्या काळात मुलं गंभीर जखमी झाली, काही गेली. न्यूयॉर्क शहराच्या कौन्सिलने तर २००७ला हायस्कूलमध्ये धातूच्या बॅटींवर बंदीचा कायदा केला. महापौर ब्लूमबर्ग यांनी तो नाकारला, कौन्सिलने पुन्हा मत घेऊन मंजूर केला.

तेव्हा 'पॉप जास्त' हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो.

भौतिकी_वेडा

चला, माझ्या आवडीचा विषय निघाला. पॉप म्हणजे काय ते सांगतो, जरा लांबेल.

चेंडू लाकडाला लागतो तेव्हा लाकूड फारसं दबत नाही, चेंडूच चपटा होतो आणि त्यात बरीच ऊर्जा वाया जाते. पोकळ बॅरलची भिंत मात्र आत दबते आणि परत उसळते. चेंडू कमी चपटा होतो, ऊर्जा कमी वाया जाते. इथे याला ट्रॅम्पोलिन इफेक्ट म्हणतात. भिंत जितकी पातळ तितकी उसळी जास्त. नव्वदच्या दशकात कंपन्यांची त्यातच चढाओढ लागली होती.

बीबीकोर हा त्या उसळीवर बसवलेला गतिरोधक आहे. प्रयोगशाळेत तोफेसारख्या यंत्रातून ताशी १३६ मैलांनी चेंडू बॅटवर मारतात आणि परत किती वेगाने येतो ते मोजतात. त्यातून निघणारा आकडा ०.५०च्या वर गेला की बॅट नापास. चांगल्या लाकडी बॅटचा आकडाही याच्याच आसपास असतो. परिणाम पहिल्याच वर्षी दिसला, २०१० ते २०११ या एका वर्षात कॉलेज बेसबॉलमधले होमरन जवळपास निम्म्यावर आले.

आता तुमच्या पाचशे डॉलरांकडे येतो. दोनशेवाली बॅटही ०.५०च्या छपराखाली, पाचशेवालीही त्याच छपराखाली. सगळ्या कंपन्या छताला डोकं टेकेल इतक्या उंच बॅटी बनवायला शिकल्या आहेत. महाग बॅटमध्ये चांगला भाग थोडा रुंद मिळतो, हाताला झिणझिण्या कमी येतात, रंग झकास असतो. पण चेंडू नेमका लागल्यावर ती तो जास्त लांब पाठवते असं मानायला मला तरी काही आधार सापडलेला नाही.

मग फरक कशाने पडतो? इलिनॉय विद्यापीठातले भौतिकीचे निवृत्त प्राध्यापक ॲलन नॅथन यांनी यावर खूप लिहिलं आहे. त्यांचं ढोबळ सूत्र असं: बॅटवरून सुटणाऱ्या चेंडूचा वेग म्हणजे पिचच्या (इथे पिच म्हणजे टाकलेला चेंडू) वेगाच्या ०.२ पट अधिक बॅटच्या वेगाच्या १.२ पट. समजा पिच ताशी ७५ मैलांची आणि मुलाच्या बॅटचा वेग ६०. मग १५ अधिक ७२, म्हणजे ८७. बॅट जड झाली आणि तिचा वेग ६०वरून ५७ झाला, की त्या ७२चे ६८.४ होतात. जड बॅटमुळे ते ०.२ किंचित वाढतं, थोडं भरून निघतं, हे खरं. पण हे गणित चेंडू बॅटला लागल्यावरचं. ताशी ७५ मैलांची पिच हातातून सुटून प्लेटवर यायला साधारण अर्धा सेकंद लागतो. तेवढ्यात बघायचं, ठरवायचं आणि फिरवायचं. जड बॅटवाल्याला ठरवायला लवकर बसावं लागतं, मग तो वाकड्या चेंडूला फसतो.

१३० पौंडांच्या मुलाला ३३/३० माझ्या मते लांब पडेल.

कोथरूडचा_बाबा

बाप रे, धन्यवाद! छपराचं पटलं. मग ३१/२८ घेऊ का ३२/२९? आणि वजन तेच असताना एखादी बॅट हलकी का वाटते? दुकानात दोन ३२/२९ उचलल्या, एक चक्क जड वाटली. काट्यावर ठेवायला लावल्या तर वजन जवळपास सारखंच.

भौतिकी_वेडा

काट्यावर ठेवायला लावल्या! तुम्ही आमच्यातलेच निघालात.

वजन किती यापेक्षा ते कुठे आहे याला महत्त्व आहे. नॉबपासून, म्हणजे मुठीखालच्या गोळ्यापासून, ६ इंचांवरच्या बिंदूभोवती बॅट फिरते असं धरून 'स्विंग वेट' मोजतात. एखाद्या ग्रॅमचं त्या बिंदूपासून अंतर दुप्पट झालं की त्याचा जडपणा चौपट. टोकाकडे वजन असलेलीला एंड-लोडेड म्हणतात, सगळीकडे सारखं विभागलेलीला बॅलन्स्ड. तुम्ही सांगता त्या बांध्याच्या, सरळ फटके मारणाऱ्या मुलाला बॅलन्स्ड. त्यात चर्चेला फार जागा नाही. एंड-लोडेड बॅटी दंड भरलेल्या अकरावी-बारावीच्या पोरांसाठी ठेवाव्यात.

अंपायर_काका

मापाचं मी सांगतो. कंपन्यांचे उंची-वजनाचे तक्ते तुमच्या मुलाला ३२च्या आसपास आणतील, पण तक्ता म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. साधी परीक्षा: जोरकस हाताने नॉबपाशी धरून बॅट बाजूला खांद्याच्या रेषेत आडवी धरायला सांगा. अर्ध्या मिनिटाच्या आत हात थरथरायला लागला तर जड आहे. मग टीवर, म्हणजे सरावाच्या उभ्या दांड्यावर, चेंडू ठेवून फिरवायला द्या आणि बॅटकडे न बघता त्याच्या मागच्या खांद्याकडे बघा. खांदा खाली पडून बॅट खालून वर यायला लागली की समजा बॅट पोराला फिरवते आहे.

ड्रॉप ५वरून ड्रॉप ३वर येताना पहिले काही आठवडे सगळ्यांचीच त्रेधा उडते. २६ औंसांवरून २९वर म्हणजे ८५ ग्रॅम वाढले. ऐकायला काही नाही, पण ते पूर्ण हात लांब केल्यावर आहेत. म्हणून ट्रायआउटच्या आदल्या आठवड्यात घेऊ नका, आत्ता जानेवारीतच घ्या.

उगीचच

आमच्या वेळी एक बॅट सगळ्या आळीत फिरायची. ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग. कसला ड्रॉप आणि कसला बीबीकोर!

चहाबिस्किट

आणि तो आउट झाला की बॅट घेऊन घरी. तोही एक नियमच होता.

मिनेसोटाची_थंडी

मुद्द्यावर येऊया. अलॉय (म्हणजे ॲल्युमिनियमची मिश्र धातू) की कॉम्पोझिट हे अजून कुणी बोललंच नाही, आणि न्यू जर्सीच्या मार्चमध्ये ते महत्त्वाचं आहे.

कॉम्पोझिट म्हणजे कार्बन फायबर आणि राळ. नवी असताना ती ताठ असते, दीड-दोनशे चेंडू मारून ती खुलवावी लागते. दर फटक्याला बॅट थोडी फिरवायची, म्हणजे सगळीकडून सारखी खुलते. क्रिकेटवाल्यांना हे नवीन नाही, विलोला तेल पाजून लाकडी हातोडीने ठोकत बसणं हे त्याच जातीचं काम. फक्त इथे हातोडी चालत नाही. 'रोलिंग' करून देतो (रोलरखाली बॅरल दाबून), आतून 'शेव्ह' करून देतो (भिंत तासून) असे लोक भेटतील. ते बेकायदा आहे, वॉरंटीही जाते.

दुसरं, थंडी. साधारण ६० फॅरनहाइटच्या खाली कॉम्पोझिट वापरू नका असं बहुतेक कंपन्या स्वतःच सांगतात. थंडीत चेंडू टणक होतो, राळ ठिसूळ होते आणि तडा जातो. आमच्याकडे एप्रिल संपेपर्यंत ६० फॅरनहाइट म्हणजे चैन. तुमच्याकडे मार्चमध्ये संध्याकाळी सराव असेल तर तीच कथा. अलॉय बॅट कव्हर फाडल्याक्षणी तयार, थंडीत मुकाट्याने चालते, खराब झाली तर पोचा पडून खराब होते. कॉम्पोझिट जाते तेव्हा आधी आवाज बदलतो, ठणठणीत 'टँग'ऐवजी 'थप' यायला लागतं.

तिसरं, केजमधले, म्हणजे सरावाच्या जाळीतल्या यंत्राचे, ते पिवळे, खड्डे-खड्डे असलेले रबरी चेंडू. त्यांच्यावर चांगली बॅट कधीच नाही. ते खऱ्या चेंडूपेक्षा टणक असतात आणि त्याने मोडलेली बॅट कंपनी बदलून देत नाही.

तात्पर्य माझ्याकडून: अलॉय, ३२/२९, दोनशेच्या आसपास. उरलेल्या पैशांत टी, जाळी आणि एक बादली चेंडू.

बे_एरियातला_बाप

थोडा असहमत. आमच्याकडे फेब्रुवारीतही ऊन असतं, थंडीचा मुद्दा लागू नाही. मुलाने टू-पीस (बॅरल आणि हँडल वेगळे बनवून जोडलेली) कॉम्पोझिट वापरली आणि त्याची तक्रारच संपली. त्याआधी वन-पीस अलॉय होती. आतल्या बाजूला चेंडू लागला की अंगठ्यात अशी कळ जायची की पुढच्या पिचला तो मागे सरायचा. हाताला लागेल या भीतीने खेळणारा मुलगा फटका कसा मारणार? दोनशे डॉलर जास्त गेले, मला ते वसूल वाटतात. शिवाय हँडल लवचिक असल्याने चाबकासारखा झटका मिळतो.

भौतिकी_वेडा

कळ न येणं हे खरं आहे, त्याला माझी हरकत नाही. चाबकाचं मात्र जाहिरातीतच ठेवा. चेंडू बॅटला टेकलेला असतो एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ. बॅरलवर आपटल्याची थरथर हँडलपर्यंत जाऊन परत येईस्तोवर चेंडू निघून गेलेला असतो. त्या क्षणी हँडल लवचिक आहे की ताठ, हे चेंडूला समजतच नाही. टोकापासून साधारण ५ ते ७ इंचांच्या पट्ट्यात लागलं तर वन-पीसही झिणझिणत नाही. म्हणजे तुमच्या मुलाची कळ त्याला हेच सांगत होती की चेंडू मुठीकडे लागतोय.

बे_एरियातला_बाप

ते त्यालाही माहीत होतं हो. १४ वर्षांच्या पोराला रोज हाताला शिक्षा देऊन शिकवायचं की जरा मऊ साधन देऊन, हा प्रश्न भौतिकीचा नाही.

पिचरची_आई

+१. पण जाड ग्रिप टेप, बॅटिंग ग्लोव्ह आणि अंगठ्यात घालायची रबरी रिंग हा वीस-तीस डॉलरचा उपाय आधी करून बघावा.

लाकूडतोड्या

धाग्यावर लाकडाबद्दल अंपायर काकांची एकच ओळ? मग मला यावंच लागलं.

मॅचसाठी कोणतीही घ्या, सरावाला एक लाकडी बॅट घ्या. लाकूड खोटं बोलत नाही. अलॉय बॅटवर मुठीकडे लागलेला चेंडूही कधीकधी जवळच्या फिल्डरांच्या डोक्यावरून पडतो आणि पोराला वाटतं छान मारला. लाकडावर तोच चेंडू रडत जातो.

प्रकार तीन. ॲश पूर्वी सगळे वापरत, पण २००२ला मिशिगनमध्ये एमराल्ड ॲश बोरर नावाचा किडा सापडला आणि त्याने तिथल्या ॲशच्या झाडांचं वाटोळं केलं. आता मेपल सगळ्यात जास्त. टणक, पण तुटला तर एकदम मोठा तुकडा उडतो. बर्च दोन्हीच्या मधला, थोडा चुकार फटका सहन करतो. शिकणाऱ्या मुलाला मी बर्चच सुचवतो. मेपल किंवा बर्चच्या चांगल्या बॅटीच्या हँडलवर शाईचा एक ठिपका असतो. शाई रेषांबरोबर पसरते, तिच्यावरून लाकडाचे रेषे सरळ आहेत की तिरपे ते दिसतं. तीन अंशांपेक्षा तिरपे असतील तर ती बॅट ठेवून द्या. मारताना कंपनीचं चिन्ह आकाशाकडे किंवा जमिनीकडे, चेंडूच्या दिशेने कधीच नाही.

कोथरूडचा_बाबा

मंडळी, किती लिहिलंत! चिरंजीवांना धागा वाचून दाखवला. सूत्र स्वतः मांडून बघितलं आणि 'मग त्या दादाला ३३ का चालते' असं विचारलं. त्या दादाचं वजन १८५ पौंड आहे हे सांगितल्यावर गप्प.

शनिवारी दुकानात जाऊन तीन बॅटी आडव्या धरायला लावल्या. ३३/३० धरून हात लटपटला, ३२/२९ टिकली. बॅलन्स्ड अलॉय ठरली आहे. अजून एक शंका: मागच्या वर्षीचं मॉडेल दीडशेत मिळतंय. घ्यावं का? ऑनलाइन एक जण अर्ध्या किमतीत 'नवी कोरी' पाचशेवाली विकतोय, तिचं काय?

अंपायर_काका

मागच्या वर्षीचं बिनधास्त घ्या. बहुतेकदा फक्त रंग बदललेला असतो आणि छाप तोच असतो. नवीन मॉडेलं साधारण पानगळीच्या सुमारास येतात, तेव्हापासून जुन्यांच्या किमती उतरतात.

अर्ध्या किमतीतली कोरी पाचशेवाली मात्र नको. नकली बॅटींचा सुळसुळाट आहे. छापाची अक्षरं जाडी-भरडी, वजन लिहिलंय त्याहून वेगळं, एंड कॅपला, म्हणजे टोकाच्या टोपणाला, गोंदाचे ओघळ, असं काहीही असू शकतं. खरी असली तरी वॉरंटी पहिल्या खरेदीदाराची आणि पावतीवर असते, साधारण वर्षभराची. पावतीचा फोटो काढून ठेवा, थर्मल कागदावरची शाई उडते.

मिनेसोटाची_थंडी

आणि बॅट गाडीच्या डिकीत ठेवू नका, ना हिवाळ्यात ना उन्हाळ्यात. पोरं तिथेच ठेवतात.

जळगावकर_सॉफ्टबॉल

उशिरा आले धाग्यावर. मी शाळेत असताना महाराष्ट्रात शालेय स्पर्धांना सॉफ्टबॉल खेळले, आता टेक्सासमध्ये. माझी मुलगी पुढच्या वर्षी हायस्कूलला जाईल, फास्टपिच, म्हणजे जोरात चेंडू टाकायचा सॉफ्टबॉल, खेळते. दादाची जुनी बीबीकोर घरात पडून आहे, ३१ इंची. ती तिला चालेल का? नवऱ्याचं म्हणणं, बॅट ती बॅट.

अंपायर_काका

नाही चालणार, ताई. फास्टपिचच्या बॅटीचं बॅरल २ १/४ इंचांचं असतं, बेसबॉलचं जाडं बॅरल तिथे बादच. वजनही खूप कमी लागतं, ड्रॉप १० वगैरे नेहमीचं. छापही वेगळा, यूएसए सॉफ्टबॉलचा. आणि हा 'यूएसए' वर सांगितलेल्या लिटल लीगच्या 'यूएसए'पेक्षा निराळा, तेव्हा दुकानात नीट बघा. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो. मुलीची उंची आणि आत्ताची बॅट किती इंच, किती औंस ते धाग्यातच द्या.